साठीतल्या पोराचं बारसं

कामाचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं तेव्हा मी विचारलं, वाचणार कोण? तर म्हणाले, दिवाळीत फराळ झाला की लोक आडवे पडून अंक वाचतात. मग हरकत नाही. माझी सगळी नोकरी आडव्या माणसांतच गेली.

माझं काम आंघोळ घालायचं. सापगावच्या अलीकडे नदीच्या अंगाला बेघर माणसांचा निवारा आहे, तिथे. लोक त्याला आश्रम म्हणतात. साधू मात्र कोणी नाही. एक होता, तो पळून गेला. एसटी स्टँडवर, पुलाखाली, हायवेच्या कडेला जी माणसं पडलेली असतात, ज्यांना आपलं नाव सांगता येत नाही किंवा सांगायचं नसतं, ती आमच्याकडे येतात. कोणाला पोलीस आणतात, कोणाला आम्ही गाडी घेऊन जाऊन उचलतो. आलेला माणूस डॉक्टरच्या आधी माझ्याकडे. कारण तपासायला आधी माणूस दिसावा लागतो, आणि तो दिसायच्या आधी वरचं पुष्कळ काढावं लागतं.

निवारा चालवतात त्या ताई. शहरातल्या, शिकलेल्या, अंगाने बारीक आणि आवाजाने मोठ्या. नेमणुकीच्या पत्रात त्यांनी मला 'केअरटेकर' लिहिलं. मी म्हणालो, हे खोडा आणि न्हाणीवाला लिहा. त्या म्हणाल्या, नाना, असं पद नसतं. मी म्हणालो, पद नसेल, काम असतं. हा वाद बरेच दिवस चालला. शेवटी पत्रात केअरटेकरच राहिलं, पण तालुकाभर मला न्हाणीवाला म्हणतात. म्हणजे मीच जिंकलो.

त्याआधी माझ्या म्हशी होत्या. भातसा नदीत रोज त्यांना धुवायला न्यायचो. एकदा काठावर एक माणूस पडलेला दिसला. जिवंत होता, पण वास मेल्याचा. म्हशी धुऊन झाल्या तसा त्यालाही धुतला. मग कोणीतरी कळवल्यावर ताई गाडी घेऊन आल्या, तर तो माझ्या टॉवेलात बसून भाकरी खात होता. ताईंनी विचारलं, तुमच्या हाताखाली हा गप्प कसा बसला? मी म्हणालो, म्हशीपेक्षा माणूस सोपा, लाथ कमी मारतो. हे बोलणं त्यांनी अर्ज समजून घेतलं.

आता कामाची रीत सांगतो, कारण लोकांना वाटतं त्यात काय आहे.

पडलेल्या माणसाकडे समोरून जायचं नाही. समोरून आलेल्याने त्याला आजवर फक्त हाकललेलं असतं. बाजूने जायचं, शेजारी बसायचं आणि तो बघतो तिकडे आपणही बघायचं. नाव विचारायचं नाही. तंबाखू मळायची आणि हात पुढे करायचा. चिमूट घेतली तर काम झालं. नाही घेतली तर आपण खायची आणि बसून राहायचं.

दुसरं, बोचकं. प्रत्येकाकडे एक बोचकं असतं. त्यात काय असतं ते विचारू नका, चिंध्या, बाटल्या, एकाच्या बोचक्यात नुसती रेल्वेची खडी होती. ते फेकायचं नाही. न्हाणीत खुंटी मारलेली आहे, तिच्यावर ते त्याच्या डोळ्यांसमोर टांगायचं आणि मग अंगाला हात लावायचा. बोचकं दिसेनासं झालं की माणूस बिथरतो. खडीवाल्याचं बोचकं खुंटीला पेललं नाही, खुंटी उपटून माझ्या पायावर आली. तेव्हापासून खुंटी लोखंडाची आहे.

तिसरं, पाणी डोक्यावरून ओतायचं नाही. आधी पाय. पायावर ऊन पाणी सोडलं की माणूस पायाकडे बघतो, आणि बघता बघता त्याला कळतं की हे आपलेच आहेत. मग गुडघे, मग हात. डोकं सगळ्यात शेवटी. म्हशीलाही असंच धुतात. आमच्याकडे माणसं मरतातही. त्यांची शेवटची आंघोळ मीच घालतो. तीसुद्धा पायापासूनच.

आता गिऱ्हाइकं. एक साहेब होते. खरे कोण होते ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण आपण कलेक्टर आहोत असं त्यांचं म्हणणं होतं आणि चाल तशीच होती. रोज सकाळी पाठीमागे हात बांधून ते आमच्या संडासांची तपासणी करायचे आणि मला फैलावर घ्यायचे. "हे काय चाललंय? मंत्रालयात काय सांगू मी?" मी म्हणायचो, साहेब, उद्या करतो. आणि करायचो, कारण ते उद्या खरंच बघायचे. ते वारल्यावर ताई म्हणाल्या, नाना, संडास पहिल्यासारखे राहत नाहीत. मी म्हणालो, साहेबाची जागा रिकामी आहे, भरा.

दुसरा एक गडी फक्त शिव्या द्यायचा, त्याही कोणाला न कळणाऱ्या भाषेत. भाषा कळली तर मुलूख कळणार, मुलूख कळला तर घर. मी त्याच्या शिव्या पाठ केल्या. मग हायवेच्या धाब्यावर जाऊन जे परमुलखातले ट्रकवाले जेवायला उतरत, त्यांच्यासमोर एकेक म्हणून बघायला लागलो. पुष्कळांनी मला वेडा समजून पुढे वाढून दिलं. मग एके दिवशी एका दांडग्या ड्रायव्हरने ताट बाजूला सारलं, उठला आणि माझ्या कानाखाली आवाज काढला. मी त्याचा हातच धरला. म्हटलं, बाबा, तुझं गाव कुठलं? ओडिशा. त्याला आश्रमात आणला. त्या दोघांनी एकमेकांना तासभर शिव्या दिल्या आणि मग गळ्यात पडून रडले. पुढे तो माणूस घरी पोचला. माझा डावा कान तेव्हापासून जरा कमी ऐकतो. चालायचंच, उजवा आहे.

पण हे सगळं सोडून लोक मला एकच विचारतात, ते बारशाचं खरं का? खरं. नावं बदलून सांगतो, ताईंची अट आहे.

सोमा आमच्याकडे आला तो दुसऱ्या राज्यातल्या एका आश्रमातून. तिथल्यांना तो मराठी बोलतो एवढं कळलं, म्हणून इकडे पाठवला. सोमवारी आला म्हणून सोमा. साठीचा, लाकडासारखा वाळलेला. आजार डोक्याचा, गोळ्या चालू. बोलायचा थोडं आणि तेही कामाचं, म्हणजे जेवण, बिडी, पाणी ऊन आहे का. आंघोळीला मात्र माझ्याशिवाय कोणाला अंगाला हात लावू द्यायचा नाही. मलाही, खरं सांगायचं तर, त्याची सवय झाली होती.

एकदा त्याला तपासायला मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं. परत येताना आम्ही स्टँडवर शहापूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात माळशेजकडे जाणारी गाडी लागली. सोमा उठला, तिकडे गेला आणि चढला. खिडकीशी जाऊन बसलासुद्धा.

आता दुसरा कोणी असता तर त्याने त्याला खाली ओढलं असतं. मी विचार केला, हा माणूस आपणहून आजवर जेवणाच्या रांगेशिवाय कुठे गेलेला नाही. मीही चढलो.

कंडक्टर आला. "कुठं जायचं?"

मी म्हणालो, "हा उतरेल तिथलं द्या."

"असं तिकीट नसतंय, बाबा."

"मग लांबातलं लांब द्या, आमी आधी उतरू."

"हा तुमचा कोन?"

"ते पन उतरल्यावर कळंल."

कंडक्टरने आमच्याकडे पाहिलं आणि घाटापर्यंतचं तिकीट फाडलं. टोकावडे गेलं. पुढच्या एका फाट्यावर सोमा उठून दाराशी आला. उतरला आणि मागे न बघता डोंगराच्या बाजूला चालायला लागला. मी मागे. वाट वर वर चढत होती, दोन्ही बाजूंना नाचणी उभी होती. तो म्हशीसारखा चालत होता. संध्याकाळी म्हैस गोठ्याकडे चालते तसा, घाई नाही आणि चुकणं नाही.

वर एक वाडी लागली. पहिली दोन घरं सोडून तो तिसऱ्याच्या अंगणात उभा राहिला. एक बाई सुपात तांदूळ पाखडत बसली होती. पांढरं कपाळ, हात मोकळे. तिने वर पाहिलं. सूप खाली ठेवलं. उठली, घरात गेली आणि दाराला आतून कडी लावली.

सोमा तिथेच ओट्यावर बसला आणि मला म्हणाला, "पानी तापत आसंल."

थोड्या वेळात अख्खी वाडी गोळा झाली. लोक लांब उभे होते आणि पोरांना मागे ओढत होते. शेवटी वाडीतला सगळ्यांत म्हातारा माणूस काठी टेकत पुढे आला. त्याला धाऊबाबा म्हणत. त्याने सोमाला वरखाली न्याहाळलं आणि मला विचारलं, "ह्याला कुटनं आनला?"

"यानंच मला आनला."

"हा धर्मा. ह्यो मेलाय."

मी म्हणालो, "मेलाय तर बिडी कसा वढतोय?"

"त्ये मला नको सांगू. मी सवता ह्येचा पुतळा जाळलाय."

मग कळलं ते असं. हा धर्मा पोरगं लहान असताना एक दिवस घरातून निघाला तो आलाच नाही. का गेला ते त्यालाही सांगता येत नाही, आजारच तो. वाडीने पुष्कळ वर्षं वाट पाहिली. मग रीतीप्रमाणे पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला, दिवस घातले, बायकोच्या बांगड्या फोडल्या. बायकोचं नाव चांगुणा. तिने एकटीने शेत केलं आणि पोरगा वाढवला. तो अंकुश आता वाशिंदला कारखान्यात आहे, सुट्टीला घरी येतो.

खिडकीतून आतली भिंत दिसत होती. भिंतीवर धर्माचा तरुणपणचा फोटो, त्याला हार. सोमाने तो बराच वेळ पाहिला आणि मला हळूच विचारलं, "कवा गेला?"

ताईंचा फोन आला. "नाना, तुम्ही कुठे आहात? पेशंट हरवलेले मी पाहिलेत. तुम्ही पेशंटासकट हरवलात!"

मी म्हणालो, ताई, सोमाचं घर सापडलं, फक्त तो तिथे मेलेला आहे.  मग म्हणाल्या, तिथेच थांबा, मी येते. आम्ही समाजमंदिरात मुक्काम टाकला. वाडीतल्यांनी भाकरी आणून दिली, दोघांची एकाच टोपल्यात, पण सोमाची वेगळ्या पानात. मेलेल्याची भाकरी वेगळीच ठेवतात.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या आणि बैठक बसली. ताईंनी कायदा सांगितला, की माणूस जिवंत आहे म्हणजे आहे, कागद मी करून देते. धाऊबाबा म्हणाला, "बाय, कागद तुमचा. पन हितं दिवस घातलेला मानूस उंबऱ्यात घेतला तर घर बसतंय. त्याला आत यायचं तर येकच वाट हाय. पुन्यांदा जलम घ्यावा लागंल."

"म्हणजे?" ताई.

"म्हंजी बारसं. पयली आंगुळ, पाळना, नाव. समदं. मग तो नवा झाला. मग नव्यानं लगीन लावायचं बायकोसंग, की झालं."

धाऊबाबाने हे आधी कधी केलं नव्हतं, त्याच्या बापाने एकदा पाहिलं होतं म्हणे. पण सांगितलं असं, की जणू दर सोमवारी करतो.

ताईंनी सोमाला विचारलं, "तुम्हाला इथे राहायचंय का?" आमच्याकडे हे विचारल्याशिवाय कोणालाही घरी सोडत नाहीत. सोमाने खूप विचार केला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आंगुळ कोन घालंल?"

मी म्हणालो, "हात हायेत ना तुला? तूच घाल."

"मंग ऱ्हातो," तो म्हणाला. मला हे इतक्या लवकर ऐकायचं नव्हतं, पण विचारलं मीच होतं.

एवढं सगळं ठरेपर्यंत चांगुणा दाराच्या आतच होती. आता ती बाहेर आली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

"नाना तुमीच ना?"

"हो."

"ह्येला इचारलंत, ऱ्हायचं का. मला इचारलंत?"

 आमच्या धंद्यात घर सापडलं की आम्ही पेढे वाटतो. घराला माणूस हवा आहे का, हे आम्ही विचारत नाही. धरून चालतो.

"ह्यो गेला तवा ही वाडी काय बोल्ली, ठाव हाय? बाईनं तोंड चालवलं म्हनून गेला. मंग बोल्ली, बाईनं नदीच्या कोंडीत ढकालला. दिवस घातलं, दर साली पित्रांत पान ठेवलं कौलावर, तर कावळा शिवंना. का? तर बाई काळ्या मनाची. धाऊबाबा, बोल्ला व्हता ना तुमी?"

धाऊबाबा काठीच्या टोकाने जमीन उकरत बसला. "बोल्लो व्हतो," म्हणाला. "तवा ठाव न्हवतं गो, खानारा जिता हाय म्हनून."

कोणीतरी फिसकन हसलं. चांगुणा नाही हसली.

धाऊबाबाने समजूत घातली, "आता झालं गेलं. बारसं करू, लगीन लावू, कुंकू लाव, चांगलं व्हईल."

"लगीन?" चांगुणा म्हणाली. "सोमवारी जलमंल आन मंगळवारी माज्यासंग लगीन? पाळन्यातल्या पोराशी?"

 ताई माझ्याकडे बघत होत्या, मी डोंगराकडे. सोमा बिडी ओढत होता. त्याला घरात घेणं न घेणं आता फक्त ह्या बाईच्या हातात होतं. ती नाही म्हणाली असती तर मी त्याला परत नेला असता. खोटं कशाला लिहू, एका मनाने मी एसटीच्या टायमाचा विचार करत होतो.

चांगुणा सोमाच्या समोर जाऊन बसली. खूप वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग उठून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली, "लगीन नाय. माजा नवरा मेला, तो मेलाच. नवरा म्हनून आत आला तर मला त्येला जाब इचारावा लागंल. येवढ्या वर्सांचा. त्येला देता यायचा नाय, आन मला गप ऱ्हाता यायचं नाय. पोर म्हनून आला तर येऊ दे. जलमल्या पोराला कोनी जाब इचारत नाय. करा बारसं."

बारसं रविवारी ठरलं, म्हणजे कारखान्यातली पोरं घरी असतात. तोवर आम्ही समाजमंदिरात आणि ताईंची लिहापढी पोलीस ठाण्यात.

आता बारशाला बाप लागतो. सोमाचे आईबाप कधीचे गेलेले. धाऊबाबा म्हणाला, ज्याने आणला तो बाप. मी नको म्हटलं नाही. माझं स्वतःचं पोर झालेलं नाही, तेव्हा मिळतंय ते घ्यावं. मग आत्या कोण? बापाची बहीण ती आत्या. माझी बहीण पारू वाशिंदला नव्या वसाहतीत लेकाकडे राहते. मी फोन लावला.

"पारू, तुला भाचा झाला."

"कुनाचा?"

"माजा."

फोनवर नुसता तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज. मग ती म्हणाली, "दादा, वैनी जाऊन किती वर्सं झाली? तुजं वय काय?"

"माजं सोड. पोराचं वय साठ हाय. रविवारी बारसं हाय, आत्या म्हनून ये."

"पिऊन बोलतोस का रे?"

"सकाळच्या पारी कोन पितंय? ये गो."

पुन्हा पंखा. मग म्हणाली, "कापडं कुटल्या मापाची आनू?"

"माज्या मापाची आन. आंगानं जरा कमीच हाय."

रविवारी पारू आली. पांढरा सदरा, पायजमा आणि लेकाच्या सोसायटीतल्या बायकांनी सांगितलं म्हणून एक खुळखुळा घेऊन आली. सोमाने तो खुळखुळा संध्याकाळपर्यंत हातातून सोडला नाही.

पहिली आंघोळ बाप म्हणून माझ्याकडे. अंगणात पाट मांडला, हंडा तापवला, हळद लावली. मी तांब्या भरून पायावर सोडणार तेवढ्यात धाऊबाबा ओरडला, "पयलं टाळूवर! नव्या पोराच्या पयलं टाळूवर घालतात."

मी म्हणालो, "माज्या हातची आंगुळ पायापासनं."

"रीत हाय!"

"रीत तुमची, पोर माजं."

वाडी दोन बाजूंना वाटली गेली. पाणी निवत होतं. शेवटी पाटावरून सोमाच म्हणाला, "पायांवर टाक रे, गार व्हतंय." तान्ह्या पोरानेच सांगितल्यावर धाऊबाबाचा इलाज चालला नाही.

पाळण्याचा प्रश्न मोठा होता. झोळीत साठीचं पोर मावत नाही. मग वाडीतल्या बायकांनीच वाट काढली. वर गाडी येत नाही, त्यामुळे आजारी माणसाला फाट्यापर्यंत न्यायला तिथे डोली असते, एका बांबूला घोंगडी बांधलेली. तीच आणली. पुढचा खांदा एका शेजाऱ्याने दिला, मागचा अंकुशने. म्हणजे पोरगा बापाला पाळण्यात झुलवत होता. तो तोंड फिरवून उभा होता. त्याचा खांदा हलत होता, पण बांबू हलवावाच लागतो, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

बायकांनी पाळणा म्हणायला घेतला आणि दुसऱ्याच ओळीला हसू फुटलं. एकीला आवरलं की दुसरीला फुटे. पारू वाकून त्याच्या कानाशी गेली आणि थांबली. "नाव काय घेऊ?"

"धर्मा," धाऊबाबा म्हणाला.

"तो मेला," चांगुणा म्हणाली. "ह्येचं आश्रमातलं काय नाव?"

"सोमा," मी म्हणालो.

"त्येच घ्या."

पारूने कानात कुर्र केलं, 'सोमा' म्हणाली आणि वाडीतल्या पोरांनी आत्याच्या पाठीत रीतीप्रमाणे धपके घातले, जरा जास्तच. पारू अजून सांगते की तिची पाठ महिनाभर दुखत होती. अंकुशने आईला विचारलं, "आय, मी ह्येंना काय म्हनू?" चांगुणा म्हणाली, "सोमा म्हन. बापाला म्हनायचास तसं दादा म्हनायचं वाटलं, तवा म्हन." आणि तिने उंबऱ्यावर पाणी ओवाळून सोमाला आत घेतला. पडवीत अंथरूण घातलेलं होतं. भिंतीवरचा फोटो तिने हारासकट तसाच ठेवला.

आम्ही परत निघालो तेव्हा मी सोमाला म्हणालो, येतो. तो म्हणाला, "बोचकं?" त्याचं बोचकं आश्रमातल्या खुंटीला राहिलं होतं. पुढच्या आठवड्यात मी नेऊन दिलं. अंकुशने पडवीत खिळा ठोकला होता, त्याला टांगलं. लोखंडाचा ठोकला का ते आधी बघितलं.

पुढे पित्रांचा पंधरवडा आला. बाप म्हणून मला बोलावणं होतं. धर्मा मेला हे वाडीने ठरवलं होतं आणि चांगुणाने मान्य केलं होतं, तेव्हा त्याचं पान ठेवणं आलंच. तिने वडे तळले, खीर केली, भोपळ्याची भाजी केली. पानावर सगळं वाढलं आणि कौलावर ठेवायला सोमाच्या हातात दिलं. घरात सगळ्यांत उंच तोच. सोमाने पान पागोळीवर ठेवलं आणि खुळखुळ्यासारखा हात हलवत काव काव ओरडला.

कावळे होते. समोरच्या सागावर बसले होते, चांगले चार-सहा. त्यांनी पानाकडे पाहिलं आणि शेजारच्या घरावर गेले, तिथलं खाल्लं, परत सागावर येऊन बसले. आमच्या पानाला एकाने चोच लावली नाही.

लोक जमायला लागले. इतकी वर्षं जे बोलले होते ते सगळ्यांना आठवत होतं. चांगुणाचा चेहरा कोरा झाला. ऊन वर आलं. पान शिवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही, त्यामुळे सगळेच उपाशी.

चांगुणा पुढे झाली, कौलाकडे तोंड करून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, "आता तरी खा रं बाबा. तुला कायबी इचारनार नाय."

सागावरचा एकही हलला नाही.

सोमा माझ्या शेजारी उभा होता. तो पुढे गेला, टाचा उंचावल्या, पागोळीवरच्या पानातून एक वडा उचलला आणि खाल्ला.

 एक बाई हाय हाय म्हणाली. अंकुश धावला, पण चांगुणाने हात आडवा घालून त्याला थांबवलं. सोमाने सावकाश चावून वडा संपवला, बोटं चाटली आणि खिरीकडे हात घातला.

सगळ्यांनी धाऊबाबाकडे पाहिलं. धाऊबाबाने सोमाकडे पाहिलं, मग सागाकडे, मग पुन्हा सोमाकडे. मग काठी उचलून तो म्हणाला, "शिवलं. ज्याचं त्याला पोचलं. चला, पानं वाढा."

चांगुणा आत गेली. आम्ही पंगतीला बसलो. सगळ्यांना वाढून झाल्यावर ती सोमाच्या पानापाशी थांबली आणि विचारलं, "आनि येक वडा घालू?"

"घाल," तो म्हणाला. "मगाचा गार व्हता."